निळ्या नळीचे दिवस

अण्णा दुपारी गूळबाजारातून जेवायला घरी आले, की हातपाय धुण्याआधी कोटाच्या खिशातून कागदाच्या पुड्या काढायचे आणि पाटावर ओळीनं मांडायचे. प्रत्येक पुडीत सुपारीएवढा गुळाचा खडा असायचा. त्या दिवशीच्या सौद्यात आलेल्या मालाचे ते नमुने. मग आत बघून म्हणायचे, "ऐकलीस काय? ये, बोल." चुलीपुढून आई हात पुसत यायची, भिंतीला टेकून बसायची, डोळे मिटायची आणि एकेक खडा जिभेवर ठेवायची. चावायची नाही. तो विरघळू द्यायची, मधे पाण्याचा घोट घ्यायची आणि सांगायची, "हा नदीकाठचा. हा माळावरचा, पण चांगला रांधलाय. हा खाऱ्या जमिनीतला हाय, घेऊ नका, पावसाळ्यात पाणी सुटंल." अण्णा पुडीवर पेन्सिलीनं खूण करायचे. बाजारात त्यांच्या पारखेचं नाव होतं. ती पारख कुणाच्या जिभेची आहे हे घराबाहेर ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक व्हावं असं आईलाही कधी वाटलं नाही. पण पुड्यांच्या पाटापुढं ती बसली, की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते एरवी कधी येत नसे.

आईला मी अक्का म्हणायचे. कोडोलीला तिच्या माहेरी सगळे तिला अक्का म्हणत, मी तिथंच बोलायला शिकले, आणि तेच तोंडात बसलं. मी तिची एकुलती मुलगी. अंगानं बारीक, डोळ्यांना चष्मा, कायम पुस्तकात. "चंदे, पुस्तकातनं डोकं काढ, न्हाय तर आत शिरून बसशील," असं ती म्हणायची, पण तिच्या आवाजात तक्रार नसायची. आमचं घर जैन. दिवस मावळला की घरात कुणी काही खात नसे. हिवाळ्यात साडेपाचलाच ताटं मांडली जायची, आणि सूर्य टेकायच्या आत भांडी घासून पालथी पडलेली असायची. अण्णांना बाजारात उशीर झाला तर ते पाणी पिऊन झोपायचे. अक्का तर पाणीही घेत नसे. लग्नाआधी घेतलेला तो नेम तिनं बाळंतपणातही मोडला नव्हता.

त्या वर्षी तिच्या पायाच्या अंगठ्याला विळी लागली आणि जखम दोन महिने भरेना. आमच्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि मधुमेह आहे म्हणून सांगितलं. गोळीनं भागणार नाही, रोज सकाळी सुई घ्यावी लागेल, दिवसभर पुरेल असं औषध आहे, असं म्हणाले. ते खाण्याबद्दलही बोलले. साखर-गूळ बंद, भाकरी दोन वेळा दोन-दोन, भात वाटीभर, आणि जे खायचं ते ठरल्या वेळेला, चुकवायचं नाही. मी सगळं वहीत लिहून घेतलं. पण दवाखान्यापासून घरापर्यंत येईतो त्या सगळ्यातलं "गोड बंद" एवढंच उरलं. शेजारणींना, पाहुण्यांना अक्का तेवढंच सांगायची. आणि गोड बंद झाल्यावर पोट तर भरायला पाहिजे, म्हणून दोनाच्या तीन भाकऱ्या झाल्या, वाटीभर भाताचा ताटभर झाला, आणि दुपारी भुकेला केळं किंवा मूठ-दोन मुठी चुरमुरे. "फळाला काय हुतंय? आणि चुरमुरं तर वाऱ्यावर उडत्यात, त्यात काय असणार?" हा तिचा हिशेब होता. घरात कुणालाच त्यात चूक दिसली नाही. साखरेचा आजार म्हणजे साखर खाण्याचा आजार, असंच आम्हाला वाटत होतं.

पुड्यांचा पाट बंद झाला. पहिल्या दिवशी अण्णांनी सवयीनं पुड्या मांडल्या आणि आत हाक मारली. अक्का दारापर्यंत आली, बघितलं, म्हणाली, "वास घेऊन सांगतो की." तिनं वास घेतला, पण नीट सांगता येईना. एकच खडा तरी जिभेला लावू का, असं तिनं अण्णांना नाही, मला विचारलं. मी नाही म्हणाले.

मला विचारायचं कारण होतं. मी त्या वर्षी कॉलेजात सायन्सला होते, त्यामुळं सुई आणि तपासणी ही दोन्ही कामं माझ्याकडं आली. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं चार दिवस बोलावून शिकवलं. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, बाटली हातावर हळू फिरवायची, मांडीची जागा रोज बदलायची. आणि सकाळ-संध्याकाळ लघवीची तपासणी. परीक्षानळीत निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर नळी तिरकी धरून उकळायची. निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी, पिवळा जास्त, नारिंगी त्याहून जास्त, आणि विटकरी झाला तर भरपूर. मोरीच्या कट्ट्यावर नळ्यांचा लाकडी घोडा ठेवलेला असायचा. स्पिरिटचा वास आणि द्रावण उकळताना होणारी ती बारीक टकटक मला अजून ऐकू येते. मला हे काम आवडायचं, हे लिहायला हवं. घरात पहिल्यांदा माझ्या पुस्तकांचा उपयोग झाला होता. अक्का पदर तोंडाशी धरून शेजारी उभी राहायची आणि नळीकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघायची.

त्या सुईबद्दल एक गोष्ट आजवर कुणाला सांगितलेली नाही. औषधाच्या खोक्यात एक बारीक छापलेली चिठ्ठी असायची. ते औषध जनावरांच्या शरीरातून काढतात, असं तिच्यात लिहिलं होतं. मी ती वाचली, फाडली आणि चुलीत घातली. अक्कानं एकदाच विचारलं, "कशापास्नं करत्यात गं हे?" मी म्हणाले, "रसायन असतं." तिनं मान डोलावली. हे मी तिच्या जिवासाठी केलं आणि पुन्हा करीन. पण मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघून चालणारी ती बाई, आणि तिच्यासाठी ठरवणारी मी अठरा वर्षांची. मी तिला विचारायला हवं होतं, असं आताशा वाटतं.

नळी रोज विटकरीच यायची. सुई चालू, गोड बंद, तरी विटकरी. आठवडाभर पाहिल्यावर मला एकच कारण सुचलं. अण्णांच्या नमुन्यांचा पत्र्याचा डबा माजघराच्या फळीवर असायचा. मी त्यातल्या पुड्या मोजून ठेवल्या. दोन दिवसांनी एक कमी भरली. ती अण्णांनीच गिऱ्हाइकाला दाखवायला नेली होती, पण ते मला नंतर कळलं. त्या दुपारी मी अक्कापुढं डबा ठेवला आणि विचारलं, "खरं सांग. खातीस ना?"

"काय खातो?"

"गूळ. चोरून."

ती आधी हसली. मग मी चेष्टा करत नाही हे तिच्या लक्षात आलं. तिनं उठून माझ्या गळ्याला हात लावला. "तुझ्या गळ्याशपथ न्हाय गं चंदे. माझ्याच घरात मी चोरून खाईन व्हय?"

"मग नळी खोटं बोलते का?"

डबा मी माझ्या पेटीत ठेवला आणि कुलूप लावलं. तिनं ते पाहिलं.

पुढं थोड्याच दिवसांत कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही पिठाच्या पेजेत लाळ मिसळून ठेवण्याचा प्रयोग केला. थोड्या वेळानं त्यात तेच निळं द्रावण घालून तापवलं, आणि ते नारिंगी झालं. पिठाची साखर झाली होती. सर पुढं बोलत होते, पण मला ऐकू येईना. माझ्या डोळ्यांपुढं अक्काच्या तीन भाकऱ्या होत्या. मी घरी पळत आले, ज्वारीच्या भाकरीचा तुकडा तोंडात घेतला आणि बराच वेळ चावत राहिले. तो गोड लागायला लागला. चावलेलं पाण्यात कालवून गाळलं, नळीत घेतलं, दिव्यावर धरलं. अक्काला हाक मारून समोर उभं केलं. निळा रंग हिरवा झाला, पिवळा झाला, नारिंगीवर थांबला.

"ही तुझी भाकरी," मी म्हणाले. "पोटात गेली की हिची साखर होते. भाताचीही. केळ्याची, चुरमुऱ्याची, सगळ्याची."

ती नळीकडं बघतच राहिली. "भाकरीत साखर?" ती म्हणाली. "मग माणसानं खायाचं तरी काय?"

ती चोर नव्हती, हे त्या नळीत दिसत होतं. मी ते म्हणाले नाही. पेटीचं कुलूप काढलं, डबा फळीवर ठेवला, आणि तेवढ्यावर माझी माफी मागून झाली असं समजले. शोधाच्या आनंदात असलेल्या माणसाला आणखी काही दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या, वहीत लिहिलेल्या दोन भाकऱ्यांवर मी परत आले असते तर बरं झालं असतं. पण दोनानं फरक पडतो तर एकानं किती चांगलं होईल, असा माझा विचार. दुसऱ्या दिवसापासून अक्काला दुपारी एक भाकरी आणि संध्याकाळी अर्धी. भात बंद, केळं बंद. भाजी आणि ताक हवं तेवढं. डॉक्टरांना विचारावं असं मनातही आलं नाही. सुई मात्र सकाळी तेवढीच, मीच द्यायची, सिरिंजवरच्या खुणा डोळ्यांशी धरून, एक थेंब इकडचा तिकडं न होऊ देता.

नळी चौथ्या दिवशी हिरवी झाली, आठव्या दिवशी निळी. मग रोज निळी, सकाळी आणि संध्याकाळी. मी ती खिडकीशी उजेडात धरून अण्णांना दाखवायचे. अण्णा बाजारात सांगायचे, "आमच्या पोरीनं साखर उतरवली." शेजारच्या मालूमावशींना मी बोलावून नळी दाखवली. त्यांच्या म्हशी होत्या आणि आमच्याकडं दोन्ही वेळा दूध त्याच घालायच्या. त्यांनी नळी बघितली, मग अक्काकडं बघितलं आणि म्हणाल्या, "नळी ब्येस हाय गं, पर ही वाळत चालली की." मी हसले. निळा रंग साखर नाही एवढंच सांगतो. ती रक्तात किती खाली गेली आहे, हे तो सांगत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं. अक्का दुपारी बसल्या जागी पेंगायची, चिडायची, भांडं हातातून सुटायचं. मला वाटायचं, भुकेची सवय मोडते आहे, होईल.

तो दिवस मार्गशीर्षातला. बाजारात मालाच्या गाड्या लागल्या होत्या, अण्णा घरी आलेले नव्हते. गल्लीत सगळीकडं ताज्या गुळाचा वास होता. साडेपाचला अक्का अर्धी भाकरी आणि मेथीची भाजी जेवली. ताट उचलताना तिनं टोपलीकडं एकदा बघितलं, मी मान हलवली, तिनं टोपलीवर फडकं ओढलं. दिवस मावळला. तिनं देवापुढं दिवा लावला, मी माजघरात दिव्याखाली पुस्तक घेऊन बसले. कथा रंगात आली होती. कुणीतरी जवळ येऊन उभं राहिलं म्हणून वर बघितलं, तर अक्का. कपाळावर घामाचे थेंब, आणि ती थंडी तर अशी की मी शाल घेऊन बसले होते.

"चंदे," ती म्हणाली, "गुळाचा एक खडा दे गं."

मी पुस्तकात बोट ठेवलं. "काय?"

"एकच. बारीक दे. कसंतरीच हुतंय."

मला राग आला. इतक्या दिवसांचा निळा रंग, आणि हिला गूळ हवाय. आणि मग मला तिच्यापेक्षा वरचढ असं दुसरं काही सापडलं. मी खिडकीकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "अक्का, दिवस मावळलाय. नेम तरी आठवतोय का तुला? जिभेसाठी धर्मही सोडणार?"

तिचा हात भिंतीवर होता. तो थरथरत होता, हे मी पाहिलं होतं. आज डोळे मिटले की मला तिच्या चेहऱ्याआधी तो हात दिसतो. ती म्हणाली, "व्हय गं. चुकलं." आणि हळूहळू भिंत धरत आत जाऊन आडवी झाली. मी पुस्तकात परत गेले. किती पानं वाचली ते आठवत नाही, पण वाचली.

मालूमावशी दुधाची चरवी घेऊन आल्या त्या मागच्या दारानं. त्यांची हाक ऐकू आली नाही, किंचाळीच ऐकू आली. "आगं चंदे! हिकडं ये! ही काय बोलाय लागल्या बघ!" मी धावले. अक्काचं लुगडं घामानं भिजलं होतं, डोळे उघडे होते पण ते माझ्यावर ठरत नव्हते. कोडोलीच्या घरच्या कुठल्याशा वासराबद्दल ती काहीतरी बोलत होती, शब्द एकमेकांत अडकत होते.

"सुई घेतीया न्हवं ही?" मावशी ओरडल्या. "आमच्या दादाला इचलकरंजीत मागावर आसंच झालतं. साखर उतारल्या हिची! गूळ आन!"

मी जागची हलले नाही. "मावशी, दिवस मावळलाय," मी म्हणाले. "ती खात नाही."

"दिवस गेला चुलीत! माणूस चाललंय हितं! आन म्हंते न्हवं!"

मी डबा आणला. हाताला पुडी सुटेना, मावशींनी ती दातानं फाडली. खडा तळहातावर पाण्यात मळला, अक्काला कुशीवर वळवलं आणि तो पातळ गूळ बोटानं तिच्या गालाच्या आत चोळत राहिल्या. "गीळ गं बाई, गीळ," असं लहान पोराला म्हणावं तसं म्हणत. मी अण्णांना आणि डॉक्टरांना बोलवायला अनवाणी पळाले. परत आलो तेव्हा अक्काची नजर ठरू लागली होती. डॉक्टरांनी शिरेत ग्लुकोज दिलं, आणि पाच मिनिटांत ती उठून बसायला बघू लागली, पदर सावरू लागली, डॉक्टरांना चहा द्या म्हणू लागली.

डॉक्टर खुर्चीवर बसले. त्यांनी आमच्या सगळ्यांकडं एकदा बघितलं. "सुई तेवढीच ठेवायची आणि खाणं कमी करायचं, तर दुसरं काय होणार?" ते म्हणाले. "ही सुई जेवणाच्या मापानं ठरवलेली असते. भाकरी कुणी कमी केली?"

मी तोंड उघडलं. त्याआधी अक्का बोलली. "मीच केली. भूकच न्हवती हो."

"आणि घाम सुटला, कापरं भरलं, की लगेच साखर द्यायची हे सांगितलं होतं की नाही?"

"मीच कुणाला हाक मारली न्हाय," अक्का म्हणाली. "पोर अभ्यास करत हुती."

मी वही आणली नाही. डॉक्टर गेल्यावर उघडून बघितली. चौथ्या पानावर, माझ्याच अक्षरात, कंपाउंडरनं सांगितलेलं ते वाक्य होतं. घाम, कापरं, गुंगी, चिडचिड, लगेच साखर किंवा गूळ. खाली मी शाईनं रेघही ओढली होती.

दुसऱ्या दिवसापासून दोन भाकऱ्या, वाटीभर भात, सुई थोडी कमी, आणि वेळा ठरलेल्या. हळूहळू नळी हिरव्याच्या आसपास राहू लागली, आणि डॉक्टर त्यावरच खूश होते. अक्का बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, जाऊन आली. तिथल्या पंडितांनी सांगितलं, की शुद्धीवर नसताना पोटात गेलं त्याचा दोष लागत नाही. तिला ते पटलं नाही. शुद्धीत असताना मागितलं त्याचं काय, असं तिनं त्यांना विचारलं म्हणे. औषधापुरता सोडला तर एरवी गूळ जिभेवर ठेवणार नाही, असा तिनं नेम घेतला. नमुन्याचा खडाभर तरी चालेल असं पुढं कधीतरी डॉक्टरच म्हणाले होते, पण ती पाटावर परत बसली नाही. अण्णा पुड्या आणेनासे झाले. बाजारात त्यांची पारख आता पहिल्यासारखी राहिली नाही असं लोक म्हणू लागले, तेव्हा वय झालं असं सांगून ते हसायचे.

त्या संध्याकाळबद्दल अक्का मला एकदाही बोलली नाही. मी मात्र दोन-तीनदा सुरुवात केली, आणि प्रत्येक वेळी ती मधेच दुसरं काहीतरी काम सांगायची. फक्त एक गोष्ट बदलली. माझ्याकडं तिनं पुन्हा खायला म्हणून काही मागितलं नाही. पुढं माझं लग्न झालं, अण्णा गेले, ती माझ्याकडं राहायला आली, वीस वर्षं राहिली. वाढलेलं जेवायची. पण नवीन काही पानात पडलं, आंब्याची फोड, पोह्यांचा घास, तर तो हातात धरून माझ्याकडं बघायची. "एवढं चालंल काय?" मी चालेल म्हणेपर्यंत हात तोंडाकडं जायचा नाही. सून माझी हसायची, म्हणायची, "आजी, तुमचंच घर आहे." अक्काही हसायची. मी हसू शकले नाही. अठराव्या वर्षी मी लावलेलं कुलूप तिच्या हातात अजून तसंच होतं.

शेवटच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता पथ्य नको, जे मागतील ते द्या. ती काही मागत नव्हती. एका संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसले होते आणि तिच्या वरच्या ओठावर घामाचा एक थेंब दिसला. मग दुसरा. आता यंत्र आहे, बोटाच्या टोकावर टोचून आकडा येतो, पण मी यंत्र घेतलं नाही. आत जाऊन डब्यातला गुळाचा खडा फोडला आणि तिच्या ओठांशी नेला. तिनं तोंड मिटून घेतलं. डोळे किलकिले करून खिडकीकडं बघितलं. पडदा ओढलेला होता, बाहेर अंधार पडून गेला होता.

"चंदे, दिवस हाय काय गं अजून?"

"हाय की," मी म्हणाले. "बराच हाय."

तिनं मान माझ्याकडं वळवली.

"मग दिवा कशाला लावलायस?" अक्का म्हणाली, आणि तोंड उघडलं.